पहिली ट्रायथलॉन: अंतरं नव्हे, सांधे सांभाळा

चाळिशीच्या आसपास मित्रमंडळींत कुणीतरी हाफ मॅरेथॉन पूर्ण करतं, दुसरं कुणी चांगली सायकल घेतं, आणि मग एके दिवशी प्रश्न येतो: "ट्रायथलॉन करायची का?" तुम्हीही हो म्हटलं असेल, किंवा म्हणायच्या बेतात असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

नवशिक्यांनी सुरुवात करावी ती स्प्रिंट प्रकारापासून: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक प्रकारात ही अंतरं दुप्पट होतात. आयर्नमॅनमध्ये ती ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटरपर्यंत जातात.

स्प्रिंटची अंतरं सुटी सुटी पाहिली तर कुणालाही जमतील अशी वाटतात. म्हणून बहुतेक जण तीन खेळांचा तीन वेगवेगळ्या दिवशी सराव करतात. स्पर्धेत मात्र शरीराची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते: जमिनीवरून पाण्यात शिरताना, पाण्यातून सायकलवर बसताना आणि सायकलवरून उतरून धावायला लागताना. या सांध्यांवर शरीरात नेमकं काय होतं ते कळलं, तर कशाचा सराव करायचा हेही कळतं.

आधी पोहणंच का?

आधुनिक ट्रायथलॉनची पहिली स्पर्धा २५ सप्टेंबर १९७४ रोजी कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या मिशन बे इथे झाली. ४६ जण उतरले होते आणि सुरुवात धावण्याने होती. पुढे पोहणं आधी, मग सायकल, शेवटी धावणं हा क्रम रूढ झाला. त्यामागे सुरक्षेचा साधा हिशेब आहे. दमलेला माणूस धावताना थांबून चालू शकतो, सायकल कडेला घेऊ शकतो. पाण्यात दमला तर बुडू शकतो. म्हणून पाण्याचा भाग ताज्या शरीराने करायचा.

तरीही धोका तिथेच जास्त आहे. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनचा एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अकस्मात मृत्यू, हृदयक्रिया बंद पडणं आणि अपघाती मृत्यू अशा एकूण १३५ घटना त्यात नोंदवल्या आहेत. त्यांपैकी ९० घटना पोहताना घडल्या. प्रमाण दर लाख स्पर्धकांमागे १.७४, म्हणजे कमीच आहे. पण बळींचं सरासरी वय साधारण ४७ होतं आणि १०० पैकी ८५ पुरुष होते. पहिल्या स्पर्धेचा विचार करणारे आपल्यातले अनेक जण नेमके याच वयोगटातले असतात.

पहिला सांधा: जमीन ते पाणी

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं आणि अंगातली उष्णता हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने ओढून घेतं. सकाळी सातला तळ्यात उडी मारली की त्वचेचं तापमान एकदम उतरतं आणि शरीर न विचारता प्रतिक्रिया देतं. आधी एक मोठा, आवरता न येणारा श्वास आत घेतला जातो. मग श्वास भराभर होतो, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतात. याला थंड पाण्याचा धक्का म्हणतात. पाणी जितकं गार तितका तो जोराचा असतो. १५ अंश सेल्सिअस, म्हणजे ५९ फॅरनहाइटच्या खाली तो चांगलाच जाणवतो.

यात तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तो पहिला श्वास तोंड पाण्याखाली असताना आला तर पाणी आत जातं. दुसरी, हा धक्का पहिल्या अर्ध्या मिनिटात शिगेला पोहोचतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. तिसरी, शरीराला त्याची सवय होते. गार पाण्यात तीन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्यांनंतर ही प्रतिक्रिया जवळपास निम्म्यावर येते.

शिवाय हृदयाला एकाच वेळी दोन उलटे हुकूम मिळतात. गार पाणी अंगाला लागलं की ठोके वाढवण्याचा संदेश जातो. चेहरा पाण्यात गेला आणि श्वास रोखला की ठोके कमी करण्याचा संदेश जातो. या ओढाताणीत ठोक्यांची लय बिघडू शकते. पोहतानाच्या काही मृत्यूंमागे हे कारण असावं, अशी मांडणी टिप्टन आणि शॅटॉक या संशोधकांनी २०१२ मध्ये केली.

त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी हे करा. सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटं आधी परवानगी असेल तर पाण्यात उतरा. मानेवर, चेहऱ्यावर पाणी घ्या आणि श्वास शांत होईपर्यंत थांबा. भोंगा वाजल्यावर घोळक्याच्या मागे किंवा कडेला राहा. पहिली १०० मीटर मुद्दाम सावकाश पोहा आणि पाण्यात श्वास पूर्ण सोडण्याकडे लक्ष द्या. घाबरलेला माणूस श्वास घेतच राहतो आणि सोडायचं विसरतो. मग छाती भरलेली असूनही गुदमरल्यासारखं वाटतं.

आपल्यातले पुष्कळ जण पोहायला शिकले ते गावच्या विहिरीत किंवा नदीत, पाठीला डबा नाहीतर भोपळा बांधून, डोकं पाण्याबाहेर ठेवून. या पद्धतीने माणूस बुडत नाही, पण ७५० मीटर जाणं महाग पडतं. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात. अंग तिरकं होतं आणि पाण्याचा अडथळा वाढतो. वेटसूटमधलं निओप्रीन कंबर वर उचलून हाच अडथळा कमी करतं आणि ऊबही देतं. अमेरिकेतल्या नियमांनुसार पाणी ७८ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे २५.५ सेल्सिअसपर्यंत असेल तर वेटसूट घालून बक्षिसासाठी पात्र राहता येतं. पण नवा वेटसूट छातीला आवळतो. तो सरावात घालून पाहिल्याशिवाय स्पर्धेत घालू नका.

तलाव आणि तळं यांतला आणखी एक फरक. २५ यार्डांच्या तलावात ७५० मीटर म्हणजे सुमारे ३३ फेऱ्या. दर फेरीला भिंतीवरून ढकलून क्षणभर विसावा मिळतो. तळ्यात भिंत नाही, तळाशी रेघ नाही. दर आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून समोरचा तरंगता बोया पाहण्याचा सराव हवा, नाहीतर तुम्ही तिरके जाता आणि ७५० मीटरचे ८५० होतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्रास झाला तर पाठीवर उलटे व्हा, हात वर करा आणि जवळच्या बचावनौकेला धरा. तिला धरून पुढे सरकला नाहीत तर विसावा घेणं नियमात बसतं, तुम्ही बाद होत नाही. मात्र खोकला थांबत नसेल, थुंकीत गुलाबी फेस दिसत असेल किंवा विसाव्यानंतरही धाप कमी होत नसेल, तर फुप्फुसांत पाणी साठत असण्याची शक्यता असते. तिथे शर्यत सोडून द्यायची.

दुसरा सांधा: पाणी ते सायकल

पोहताना तुम्ही आडवे असता आणि पाण्याचा दाब सगळीकडून असतो. त्यामुळे पायांतलं रक्त सहज छातीकडे येतं. किनाऱ्यावर उभं राहताच तो दाब जातो, रक्त पायांकडे उतरतं आणि काही जणांना गरगरतं. यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या ५० मीटरमध्ये पाय जरा जास्त मारा, म्हणजे पिंढऱ्यांचे स्नायू जागे होऊन रक्त वर ढकलतील. बाहेर आल्यावर पहिली काही पावलं चाला.

कपडे आणि साधनं बदलण्याच्या या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. इथे डोकं काम करत नाही, म्हणून क्रम आधीच पाठ हवा: वेटसूट, चष्मा, हेल्मेट, बूट, मग सायकल. सायकलला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद झालेला हवा, हा नियम आहे. घरच्या अंगणात किंवा पार्किंगमध्ये पाच वेळा ही रंगीत तालीम केली की पुरते.

तिसरा सांधा: सायकल ते धाव

सायकलवर वेगाचा मोह होतो, तेव्हा थोडं गणित आठवा. सपाट रस्त्यावर बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते आणि लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ किलोमीटरऐवजी २७.५ ने जायचं, म्हणजे वेग फक्त १० टक्के वाढवायचा, तर ताकद जवळजवळ ३० टक्के जास्त लागते. त्यातून मिळतं काय? २० किलोमीटर ४८ ऐवजी साडेत्रेचाळीस मिनिटांत होतात, म्हणजे साडेचार मिनिटांची बचत. पण त्या दमणुकीमुळे धावताना किलोमीटरला सहाऐवजी सात मिनिटं लागली, तर पाच किलोमीटरमध्ये पाच मिनिटं गेली. कमावलेलं सगळं फेडून वर तोटा. सायकलवर दोन-चार वाक्यं बोलता येतील इतकाच जोर लावा. चढावर थोडं जास्त चालेल.

सायकलवरून उतरल्यावर पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात. दमणूक हे त्याचं एकच कारण नाही. पाऊण तास स्नायू गोल फिरण्याच्या एका ठरावीक तालात काम करत असतात. धावण्याचा ताल वेगळा असतो, शिवाय आता शरीराचं वजनही पायांवर येतं. मेंदूला स्नायूंचा क्रम बदलायला काही मिनिटं लागतात. त्यात सायकलवर मिळणारा वारा बंद होतो, अंगातली उष्णता साठते आणि ठोके चढतात. दुबई, मस्कतसारख्या दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. तिथे पहिला किलोमीटर आणखी हळू हवा.

यावरचा सराव म्हणजे सायकलनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं धावणं. इंग्रजीत त्याला 'ब्रिक' म्हणतात. आठवड्यातून एकदा, पाच-सहा आठवडे केलं तरी फरक जाणवतो. शेवटची दोन-तीन मिनिटं सायकलचा गिअर हलका करा, पाय भरभर फिरवा आणि धावताना सुरुवातीला पावलं लहान टाका.

खाणं आणि पाणी

स्नायूंमध्ये साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन साठवलेलं असतं. त्यातून सुमारे २००० कॅलरी मिळतात. दीड-पावणेदोन तासांच्या स्प्रिंटला हा साठा पुरतो. दोन-तीन तास आधी पचायला हलका नाश्ता आणि सायकलवर एखादं केळं किंवा दोन खजूर एवढं पुष्कळ झालं. लांब स्पर्धेत ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम असतात, त्यावरून हिशेब करा. शेंगदाण्याची चिक्की सरावानंतर खा. तिच्यातली चरबी जठरात रेंगाळते आणि धावताना पोटात डुचमळतं.

पाणी तहान लागेल तसं प्या. "जितकं जास्त तितकं चांगलं" हा समज धोक्याचा आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं. शर्यतीत वजन वाढणं, म्हणजेच गमावल्यापेक्षा जास्त पाणी पिणं, हे त्याच्याशी सगळ्यात जास्त जोडलेलं होतं.

आपल्या हृदयाबद्दल दोन शब्द

वर सांगितलेल्या २०१७ च्या अभ्यासात ज्या ६१ मृतांचं शवविच्छेदन उपलब्ध होतं, त्यांपैकी २७ जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा लक्षणीय आजार निघाला. आता याच्या शेजारी दुसरी माहिती ठेवा. अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याचं मध्यम वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ होतं, इतरांत सुमारे ५९. म्हणजे आपल्याकडे हा आजार पाच-सहा वर्षं आधी गाठतो.

याचा अर्थ व्यायाम टाळावा असा नाही. नियमित व्यायामाने हा धोका कमीच होतो. पण चाळिशी उलटली असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटा आणि "मी उघड्या पाण्यात पोहणार आहे" असं स्पष्ट सांगा. सरावात छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली, तर "उतारवयात असं व्हायचंच" म्हणून सोडून देऊ नका.

शेवटच्या सहा आठवड्यांत

तुम्हाला तिन्ही अंतरं सुटी सुटी पार करता येत असतील, तर उरलेला वेळ सांध्यांना द्या:

१. किमान पाच-सहा वेळा उघड्या, गार पाण्यात उतरा. एकटे कधीही नको. सोबत कुणीतरी आणि कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा हवाच.
२. पाठीवर उलटं होऊन मिनिटभर शांत तरंगण्याचा सराव करा. वेगापेक्षा याने जास्त धीर येतो.
३. आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच धावा.
४. ट्रान्झिशनची रंगीत तालीम करा.
५. स्पर्धेत जे खाणार, घालणार, पिणार, ते सगळं आधी सरावात वापरून पाहा.

आयर्नमॅनचं निम्म्या अंतराचं रूप २०१९ पासून गोव्यातही होऊ लागलं. सुट्टीत घरी जाताना तिथे उतरायचं स्वप्न जरूर बघा. पण त्याआधी जवळच्या एखाद्या लहान, शांत तळ्यातली स्प्रिंट निवडा. पहिल्या स्पर्धेत घड्याळाकडे पाहायची गरज नाही. पाण्यात श्वास शांत राहिला, सायकलवर हात राखला आणि शेवटचा किलोमीटर हसत धावलात, तर परीक्षा उत्तम गुणांनी पास झालात.