गाढव, खेचर आणि घोडा

एखाद्याच्या हातून मूर्खपणाचे कृत्य घडले, की त्याला ‘गाढव’ म्हणण्याची चाल मराठीत फार जुनी आहे. ‘गाढवाला गुळाची चव काय?’ ही म्हण तर लहान मुलांच्याही तोंडी असते. घोड्याच्या वाट्याला मात्र नेहमी गौरव आला. राणा प्रतापांच्या चेतकाचे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु कुंभाराची माती, वडाराचे दगड आणि परटाचे कपडे पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेणाऱ्या एकाही गाढवाचे नाव कोणाच्या स्मरणात नाही. घोडा आणि गाढव हे एकाच कुळातील प्राणी. असे असता एकाला मान आणि दुसऱ्याला अपमान का मिळावा? गाढव खरोखरच मठ्ठ व हट्टी असते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर दोघांच्या मूळ वसतिस्थानांकडे वळले पाहिजे.

घोड्याचे पूर्वज विस्तीर्ण गवताळ मैदानांत कळपांनी राहत. मैदानात दृष्टी दूरवर पोचते आणि पळावयास जागाही मोकळी असते. हिंस्र पशूची चाहूल लागताच सारा कळप एकदम उधळे. जो मागे रेंगाळे, तो शिकार होई. हजारो पिढ्या हेच घडत आल्यामुळे ‘आधी पळावे, मग पाहावे’ ही घोड्याची उपजत वृत्ती बनली.

गाढवाचे मूळ घर आफ्रिकेच्या ईशान्य भागात आहे. तेथील ओसाड, खडकाळ प्रदेशात रानगाढवे राहतात. आज ती अगदी थोडी उरली आहेत. अशा प्रदेशात चारा विरळ असतो. एका ठिकाणी मोठ्या कळपाचे पोट भरत नाही. म्हणून ही जनावरे एकेकटी किंवा लहान लहान गटांनी विखरून असतात. दगडधोंड्यांतून आंधळेपणाने धावणे म्हणजे पाय मोडून घेणेच होय. तेव्हा संकटाची शंका येताच जागच्या जागी थांबावे, कान टवकारून अंदाज घ्यावा, आणि मग पळावे किंवा लाथा झाडून सामना करावा, यातच त्यांचे हित असते. मनुष्याने सुमारे सात हजार वर्षांपूर्वी या रानगाढवाला माणसाळविले. गळ्यात दावे आले, पाठीवर ओझे आले. परंतु हा जुना स्वभाव गाढवाने सोडला नाही.

ओढ्यावरच्या लाकडी साकवाची कल्पना करावी. फळ्यांच्या फटींतून खालचे पाणी चमकत आहे. घोडा ते पाहून बुजतो, मागे सरतो, कदाचित उधळतोही. गाढव मात्र साकवाच्या तोंडाशी पाय रोवून उभे राहते. घोड्याची भीती सर्वांना दिसते. गाढवाची भीती दिसत नाही. म्हणून घोडा बुजला असे लोक म्हणतात, आणि गाढवाने हट्ट धरला असे म्हणतात. मग पाठीवर काठी बसते. परंतु माराने भीती कमी होत नाही. साकव दिसला आणि मार बसला, एवढेच ते जनावर ध्यानात ठेवते. आणि गाढवाची स्मरणशक्ती फार चांगली असते. पुढच्या वेळी त्याच जागी ते अधिकच अडते. जाणता मालक काठी उगारीत नाही. तो गाढवाला फळ्या हुंगू देतो, एखादे सरावलेले जनावर पुढे घालतो आणि थोडा वेळ वाट पाहतो. जागा सुरक्षित आहे अशी खात्री पटली, की गाढव आपण होऊन पाऊल उचलते.

स्वभावाप्रमाणे गाढवाच्या शरीराची ठेवणही घोड्याहून वेगळी आहे. त्याचे लांब कान दुरून येणारा आवाज टिपतात आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्यासही साहाय्य करतात. घोड्याची आयाळ मानेवर रुळते. गाढवाची आयाळ आखूड व ताठ असते. घोड्याची शेपटी मुळापासून लांब केसांनी झुपकेदार असते, तर गाढवाची शेपटी गाईच्या शेपटीसारखी असून तिच्या टोकाशी गोंडा असतो. अनेक गाढवांच्या पाठीच्या कण्यावरून एक काळसर रेघ जाते व खांद्यांवर दुसरी रेघ तिला छेदते. घोड्याच्या चारही पायांच्या आतल्या बाजूस टणक घट्टे असतात. गाढवाच्या केवळ पुढच्या दोन पायांवर ते आढळतात. गाढवाचे खूर अरुंद व उभट असतात, त्यामुळे दगडांतून पाऊल नेमके पडते. घोडा खिंकाळतो तो श्वास सोडताना. गाढव श्वास घेतानाही ओरडते आणि सोडतानाही. एकमेकांपासून दूर चरणाऱ्या त्याच्या पूर्वजांना अशा मोठ्या आवाजाचा उपयोग होत असे. कोरड्या प्रदेशाचा वारसा एका बाबतीत मात्र त्याला जाचक ठरतो. घोड्याच्या केसांवरून पावसाचे पाणी बरेचसे निथळून जाते. गाढवाच्या अंगात ते मुरते. म्हणून पावसाळ्यात गाढवाला आडोशाची नितांत गरज असते.

गाढव नर आणि घोडी यांच्या संकरातून जे शिंगरू जन्मते, ते खेचर होय. याच्या उलट घोडा पिता आणि गाढवी माता असेल, तर त्या संततीला इंग्रजीत ‘हिनी’ म्हणतात. मराठी बोलण्यात दोहोंनाही सरसकट खेचरच म्हटले जाते. हिनी फार थोड्या जन्मतात, कारण अशा जोडीत गर्भ राहण्याचे प्रमाण कमी असते. गाढवी घोडीहून लहान असल्यामुळे तिच्या पोटी वाढणारी हिनीदेखील बहुधा अंगाने लहान राहते. पुष्कळदा तिचे कान खेचराहून आखूड असतात आणि शेपटी घोड्याकडे झुकणारी असते. तथापि काही जनावरे इतकी सारखी दिसतात, की आईबाप माहीत असल्यावाचून त्यांच्यातील भेद सांगणे अवघड जाते.

खेचरांच्या जोडीला खेचर का होत नाही, याचे कारण शरीराच्या अतिसूक्ष्म रचनेत आहे. सजीवांच्या पेशींत गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण त्यांच्या द्वारा संततीत उतरतात. घोड्याच्या प्रत्येक पेशीत ६४ गुणसूत्रे, म्हणजे ३२ जोड्या असतात. गाढवाच्या पेशीत ६२, म्हणजे ३१ जोड्या असतात. संततीला प्रत्येकाकडून निम्मी गुणसूत्रे मिळतात. ३२ आणि ३१ मिळून खेचराजवळ ६३ गुणसूत्रे होतात. या विषम संख्येमुळे त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, आणि पुढील पिढीचे बीज तयार होऊ शकत नाही. खेचर मादीला शिंगरू झाल्याची उदाहरणे जगात अगदी मोजकी आहेत. म्हणून प्रत्येक नव्या खेचरासाठी गाढव आणि घोडा यांना पुन्हा एकत्र आणावे लागते.

स्वतःचा वंश चालविता न येणाऱ्या या प्राण्याला आईबापांचे अनेक गुण मात्र भरघोस मिळतात. उंची आणि बळ घोडीकडून, तर टणक खूर, काटकपणा आणि सावधपणा गाढवाकडून येतो. त्याचे ओरडणेही दोन्ही कुळांची खूण सांगते: आरंभी ते खिंकाळल्यासारखे वाटते आणि शेवटी गाढवाच्या आवाजात मिसळते. गौरीकुंडापासून केदारनाथापर्यंतच्या चढणीवर यात्रेकरू आणि धान्य वाहून नेणारी खेचरे दिसतात. वाटेची कड ढासळली असेल, तर खेचर तेथे पाऊल टाकावयास कचरते. हाकणाऱ्याला तो हट्ट वाटला, तरी त्याच हट्टाने पाठीवरच्या माणसाचा जीव वाचू शकतो.

भारतीय सैन्यातील पेडोंगी या खेचराची हकीकत प्रसिद्ध आहे. १९७१ सालच्या युद्धात ते शत्रूच्या हाती सापडले. पुढे संधी मिळताच ते पाठीवर लादलेल्या मशीनगन व दारूगोळ्याच्या ओझ्यासह वीस किलोमीटरहून अधिक वाट तुडवीत भारतीय ठाण्यावर परत आले. १९९२ साली दिल्लीत निळ्या मखमलीची झूल पांघरून त्याचा सन्मान करण्यात आला. १९९८ साली ते मरण पावले. ओझ्याच्या जनावरांपैकी ज्यांचे नाव लोकांच्या लक्षात राहिले, अशा थोड्यांपैकी ते एक होय.

गाढवाचा स्वभाव न ओळखल्याने होणारी सर्वांत मोठी हानी काठीच्या माराची नव्हे. घोड्याच्या पोटात कळा आल्या, तर तो पाय आपटतो, जमिनीवर लोळतो आणि पोटाकडे वळून वळून पाहतो. गाढव बहुधा असे काही करीत नाही. आपले दुखणे दाखविणे म्हणजे शत्रूला आमंत्रण देणे, हा रानातील धडा ते विसरलेले नसते. आजारी गाढव मान खाली घालून, कान पाडून मुकाट उभे राहते. ‘किती शांत जनावर!’ असे म्हणून मालक त्याच्यावर गोणी लादतो. परंतु चारा सोडलेल्या गाढवाच्या बाबतीत प्रत्येक दिवस मोलाचा असतो. उपाशी राहिल्यास त्याच्या शरीरातील चरबी रक्तात उतरू लागते, यकृताचे काम बिघडते आणि थोड्याच दिवसांत ते दगावू शकते. दुखण्याप्रमाणेच दुःखानेही गाढव चारा सोडते. बरोबरीने राहिलेले जोडीदार जनावर मेले किंवा विकले गेले, तर मागे राहिलेले गाढव कित्येकदा खाईनासे होते. म्हणून ज्या दिवशी गाढव गव्हाणीपाशी येत नाही, त्याच दिवशी पशुवैद्यास बोलाविणे हे मालकाचे कर्तव्य होय.

मुक्या प्राण्यांचे हाल थांबावेत म्हणून १९६५ साली केंद्र सरकारने नियम केले. त्यांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोहून अधिक ओझे लादता येत नाही. ओझ्याच्या जनावराकडून दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि विश्रांती न देता सलग पाच तासांहून अधिक राबवू नये, असेही बंधन आहे. नियम कागदावर आहेत. ते पाळले जाणे हाकणाऱ्याच्या हाती असते. यंत्रांच्या प्रसारामुळे आता गाढवांची संख्याही झपाट्याने घटत आहे. पशुगणनेनुसार २०१२ साली भारतात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ साली ती सुमारे १ लाख २० हजारच उरली. पुणे जिल्ह्यातील जेजुरी येथे पौष पौर्णिमेस गाढवांचा मोठा बाजार भरण्याची परंपरा आहे. तेथे गाढव विकत घेणाऱ्या कुटुंबाची भाकरी त्या जनावराच्या चार पायांवर उभी असते.

संत एकनाथांची एक कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते रामेश्वराकडे निघाले होते. भर उन्हात तापलेल्या वाळूवर एक गाढव पाण्यावाचून तडफडत असलेले त्यांना दिसले. नाथांनी कावड उतरविली आणि देवासाठी आणलेले ते पाणी गाढवाच्या मुखात घातले. ते गाढव ओरडत नव्हते की मदत मागत नव्हते. वाटेने जाणाऱ्या इतरांना ते दिसलेही असेल. नाथांना त्याची तहान दिसली.

स्वाध्याय

१. घोडा भ्याला असता उधळतो आणि गाढव थांबते. या दोन वृत्तींची कारणे त्यांच्या मूळ वसतिस्थानांच्या आधारे सांगा.
२. खेचर आणि हिनी यांतील फरक स्पष्ट करा.
३. खेचराला स्वतःचा वंश का चालविता येत नाही?
४. ‘किती शांत जनावर!’ हे मालकाचे उद्गार गाढवाला घातक का ठरतात?
५. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ या म्हणीचा अर्थ वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. गाढवाविषयीच्या आणखी दोन म्हणी मिळवा आणि त्या गाढवाला न्याय देतात का, ते तुमच्या शब्दांत लिहा.