दात्याच्या यकृताचा हिशेब असा मांडा

रक्तगट जुळला, घरातलं कुणीतरी यकृत द्यायला तयार झालं, की नातेवाईक विचारतात, "पेशंटला पुरेल ना?" प्रश्न रास्तच आहे, पण हिशेब तिथून सुरू करू नये. दात्याच्या सीटी व्हॉल्यूमेट्रीचा (सीटीवरून यकृताचं आकारमान मोजण्याचा) रिपोर्ट हाती आला की वही घ्या आणि या क्रमाने आकडे मांडा. निर्णय सर्जनचाच. त्यांना नेमकं काय विचारायचं, एवढं मात्र तुम्हाला कळेल.

१. पूर्ण यकृत, उजवा भाग आणि डावा भाग यांचे आकडे उतरवून घ्या. ते मिलिलिटरमध्ये असतात, एक मिलिलिटर म्हणजे साधारण एक ग्रॅम धरा. समजा पूर्ण १२००, उजवा ७२०, डावा ४८०.

२. आधी दात्याचं बघा. उजवा भाग दिला तर त्याच्याकडे ४८० उरतील, म्हणजे ४० टक्के. बहुतेक केंद्रं ३० ते ३५ टक्क्यांच्या खाली जात नाहीत. यकृत पुन्हा वाढतं हे खरं, पण सुरुवातीचे दिवस दात्याला उरलेल्या तुकड्यावरच काढायचे असतात. इथे आकडा कमी पडला तर पुढचं गणित करूच नका.

३. आता रुग्णाचं वजन. इथेच जास्त गफलत होते, कारण काट्यावर पोटातलं पाणीही मोजलं जातं. वजन ७३ किलो आणि त्यात अंदाजे ८ लिटर पाणी असेल, तर ६५ धरा. मिळणाऱ्या भागाचे ग्रॅम भागिले किलो, उत्तराला पुन्हा दहाने भागा. ७२० भागिले ६५ म्हणजे ११, म्हणून १.१ टक्के. क्योटोच्या किउची आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लहान तुकड्याचे दुष्परिणाम मांडले, आणि पुढे ०.८ टक्के ही मर्यादा रूढ झाली. नंतर क्योटोतच पोर्टल शिरेतला दाब १५ मिमी पाऱ्याच्या खाली ठेवून ०.६ पर्यंत जाता येतं, असं दिसलं. म्हणून डाव्या भागाचंही गणित करा. इथे ते ०.७४ येतं. डावा भाग देणं दात्याला कमी जोखमीचं, तेव्हा तो पर्याय का नको हे सर्जनना जरूर विचारा.

४. मिळणाऱ्या भागाच्या वजनातून दहाएक टक्के वजा करा. रक्त निघून गेलेला तुकडा ऑपरेशन थिएटरमधल्या काट्यावर सीटीच्या अंदाजापेक्षा बहुधा हलका भरतो. ७२० चे ६५० झाले, तरी १ टक्का राहतो.

५. चरबी विचारा. साध्या सीटीत यकृत प्लीहेपेक्षा काळपट दिसलं तर चरबी आहे. तीही आकारमानात धरली जाते, पण काम करत नाही. अशा वेळी दात्याने वजन उतरवून पुन्हा तपासणी करायची.

६. यकृताची मधली शीर कुणाकडे राहणार? ती रुग्णाकडे गेली तर दात्याच्या उरलेल्या यकृताच्या एका भागातून रक्त नीट वाहून जात नाही. दात्याकडे राहिली तर रुग्णाला दिलेल्या तुकड्याच्या शिरा नव्याने जोडाव्या लागतात. बेरजेत हे दिसत नाही. पित्तनलिकांसाठी एमआरसीपी ही तपासणी वेगळी.

दुसऱ्या पायरीवर अडलात तर दुसरा दाता शोधताना रुग्णालयामार्फत अवयव समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीतही रुग्णाचं नाव नोंदवा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही केंद्रं आहेत.