ख्रिस्ती समाजातील पाद्री : पद आणि उपजीविका

लोणावळ्याच्या बाजारात पांढरा झगा घातलेला कोणी गृहस्थ दिसला की ‘ख्रिश्चनांचे भटजी चालले’ असे आपण सहज बोलून जातो. समजण्यापुरती ही तुलना सोयीची असली तरी पुष्कळच फसवी आहे. धर्मकार्य करणारा एक वर्ग जवळजवळ प्रत्येक समाजात असतो. परंतु त्याला ते पद कोण देतो आणि त्याच्या पोटाची सोय कोण लावतो, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या वर्गाचे खरे स्वरूप उमगत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम शब्द पाहू. ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. त्याचा अर्थ पिता. इंग्रजीत या सबंध वर्गाला ‘क्लर्जी’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ‘क्लेरॉस’ हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ वाटा, चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला हिस्सा. बायबलच्या जुन्या करारात इस्राएलाच्या इतर वंशांना जमीन वाटून दिली गेली, पण याजकपण सांभाळणाऱ्या लेवी वंशाला जमिनीचा वाटा मिळाला नाही. परमेश्वर हाच त्यांचा वाटा. त्यांनी लोकांच्या दशमांशावर जगावे, असे ठरले. म्हणजे उपजीविकेचा प्रश्न या शब्दाच्या पोटातच दडलेला आहे!

आपल्या मावळात या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळी निरनिराळी मिळाली. कार्ल्याच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव दान दिले, असे तेथील शिलालेख सांगतो. भिक्षू गावाबाहेर डोंगरात, आणि गाव त्यांना पोसणार, अशी ती व्यवस्था. पुढे गावगाड्यात गुरव व जोशी हे बलुतेदार झाले. भाताच्या खळ्यावर त्यांचे बलुते ठरलेले, आणि काम बापाकडून मुलाकडे जाणारे. ख्रिस्ती पाद्री मात्र या गावगाड्यातून आलाच नाही. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त युरोपीय, अँग्लो-इंडियन व गोवेकर कुटुंबे घाटमाथ्यावर राहू लागली. पाद्री आला तो त्यांच्या पाठोपाठ. त्याला येथे वतन नव्हते, वंशपरंपराही नव्हती. तो नेमलेला आणि म्हणून बदलीस पात्र होता.

कॅथलिक पंथात हा नेमणुकीचा भाग फार स्पष्ट आहे. जन्माने कोणी फादर होत नाही. पुण्याच्या पेपल सेमिनरीसारख्या संस्थेत (ती १९५५ साली श्रीलंकेतील कँडीहून पुण्यास आली) तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या यांचा कित्येक वर्षे अभ्यास केल्यावर बिशपच्या हस्ते गुरुदीक्षा मिळते. आजन्म ब्रह्मचर्य पाळावे लागत असल्याने मुलाने गादी चालवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मिस्सा अर्पण करणे, बाप्तिस्मा देणे, विवाह लावणे, आजाऱ्याला तैलाभ्यंग करणे, पापांची कबुली ऐकणे आणि ती मरेपर्यंत गुप्त ठेवणे ही त्याची कामे. प्रॉटेस्टंट पंथांत सर्वच श्रद्धावंत याजक आहेत, असे तत्त्व मार्टिन ल्यूथरने मांडले. साहजिकच तेथील पाळक हा मध्यस्थ कमी व उपदेशक अधिक. तो संसारी असतो आणि त्याची पत्नी मंडळीच्या कामात अर्धा भार उचलते. (तिला पगार कोण देतो, हे विचारण्याची पद्धत नाही.) चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आता स्त्रियाही दीक्षित पाळक होतात, कॅथलिक पंथात अद्याप नाही.

जन्माची अट नसली म्हणजे भेद संपला, असे मात्र समजू नये. गोव्यातील दीवाडी बेटावरचे माथेव द कास्त्रो सतराव्या शतकात बिशप झाले, परंतु तेथील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी त्यांना कधी मनापासून मानले नाही. १७८७ च्या पिंटोंच्या कटात गोमंतकीय पाद्रीच पुढे होते, आणि बढत्यांत होणारा पक्षपात ही त्यांची एक मुख्य तक्रार होती.

महाराष्ट्रात हाच प्रश्न पगाराच्या रूपाने उभा राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये ते दीक्षित पाळक झाले. मिशनचा पैसा परदेशातून येई. त्यामुळे पाळक बोले मराठीत, पण जबाबदार राही तो परदेशी मंडळाला. आणि शेजारपाजारचे लोक त्याला साहेबांचा नोकर समजत. अशा माणसाच्या तोंडचा ख्रिस्त आपल्या लोकांना आपला कसा वाटावा, हा सल टिळकांना होता. अखेर १९१७ साली त्यांनी मिशनची सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. अंगावर संन्याशाचा वेष, मुखी अभंग. म्हणजे पाद्री पुन्हा आपल्या मातीतल्या साधूच्या जागी जाऊन बसला. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तो का टिकला नाही याची कारणे अनेक असतील. पण पगार नाही, नेमणूक नाही, केवळ व्यक्तीच्या तेजावर उभी असलेली संस्था त्या व्यक्तीमागे चालवणे कठीण, हे एक कारण असावे असे मला वाटते.

१९७० साली नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि कारभार भारतीय बिशपांच्या व निवडून आलेल्या समित्यांच्या हाती आला. आता पाळकाला पोसायचे आहे ते स्थानिक मंडळीने, रविवारच्या दानातून आणि वर्गणीतून. मोठ्या शहरात हे जमते. लहान गावात, जिथे मंडळी थोड्या कुटुंबांची असते, तिथे अनेक ठिकाणी मिळून एकच पाळक असतो. तो आळीपाळीने येतो, उपासना चालवतो आणि पुढच्या गावची गाडी पकडतो. एरवीच्या दिवसांत आजाऱ्याजवळ बसून प्रार्थना करायची ती मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने, झगा न घालता.