सात चिंचोके आणि झाकलेली मूठ



किनवटच्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात पहिली-दुसरीची मुले येतात. काहींच्या घरी गोंडी बोलतात, काहींच्या कोलामी. गेल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पावसाळाभर मी नुसती बेरीजच घेतली. मुले ‘4 अधिक 3 बरोबर 7’ धडाधड म्हणू लागली. मग पाटीवर 7 वजा 4 लिहिले, तर सगळी गप्प. एका मुलीने सात रेघा ओढल्या, चार खोडल्या आणि उरलेल्या मोजल्या. उत्तर बरोबर आले, पण रोज म्हटलेले 4 अधिक 3 तिला आठवले नाही. तिच्या लेखी ते वेगळेच गणित होते, कारण मीच ते वेगळे करून शिकवले होते.

दिवाळीनंतर मी दोन्ही एकत्र घेऊ लागले. सात चिंचोके मुलांकडून मोजून घ्यायचे. चार बाहेर ठेवायचे, बाकीचे मुठीत झाकायचे. “मुठीत किती?” मुलाने सांगितले की मूठ उघडून दाखवायची. मग बाजू बदलायची : तीन बाहेर, चार मुठीत. एवढ्यातून चार गोष्टी हाती येतात. 4 आणि 3 मिळून 7, 3 आणि 4 मिळून 7, सातातून 4 गेले तर 3, सातातून 3 गेले तर 4. त्या आधी तोंडी म्हणायच्या, पाटी नंतर.

‘वजा’ हा शब्द मी पहिले काही दिवस काढतच नाही. ज्याच्या घरी मराठी नाही, त्याला तो शब्दच अडतो, गणित नाही. “झाकले किती?” हे मात्र लगेच कळते. मोजणी उंदी, रंड, मूंद अशी गोंडीतून झाली तरी चालते. आधी पाच, मग सहा, सात असे दहापर्यंत जावे. दहाच्या जोड्यांना भरपूर दिवस द्यावेत, कारण पुढे हातच्याची गणिते त्यांवरच उभी राहतात. मूल बोटे मोजत असेल तर मोजू द्या. आपल्या घरच्या लहानग्यांबरोबरही हे करून पाहा. चिंचोके नसले तर शेंगदाणे घ्या, फक्त धडा संपेपर्यंत ते उरायला हवेत!

उन्हाळ्यात इथल्या बायका तेंदूपत्ता तोडतात. एक पुडा 70 पानांचा, आणि मजुरी पुड्यांच्या मोजणीवर. त्यामुळे मोजणी चुकली की घरात बोलणी होतात. यंदा वैशाखात मी त्या रेघा ओढणाऱ्या मुलीच्या घरी गेले होते. अंगणात आई दहा-दहा पानांचे गठ्ठे लावत होती. चार झाले होते. आईने विचारले, “अजून किती लागतील गं?”

“तीन,” पोरगी पाने न मोजताच म्हणाली.

मी विचारले, “कसं काय?”

तिने माझ्यासमोर मूठ धरली. “चार बाहेर हायेत ना, बाई.”

आणि मग पाचवा गठ्ठा लावायला बसली.