संत्र्याच्या सालींतील गुणकारी द्रव्यें

ऑलिव्ह नांवाच्या परदेशी झाडाच्या पानांचा अर्क अंगांत बळ आणतो व म्हातारपण लांबवितो, अशा जाहिराती अलीकडे पुष्कळांच्या वाचनांत येतात आणि ‘हें झाड आपल्या जमिनींत लावावें काय?’ असें कांहीं बागाईतदार विचारितात. झाड खरें आहे, आणि त्याच्या पानांतील ओल्युरोपीन नांवाचें कडू द्रव्यही खरें आहे. राजस्थानांत २००७-०८ च्या सुमारास इस्रायलच्या साह्यानें या झाडाची लागवड करून पाहण्यास आरंभ झाला. परंतु तें भूमध्य समुद्राकांठचें झाड. फुलोऱ्यासाठीं त्यास हिवाळ्याची चांगली थंडी लागते आणि पाणी धरून ठेवणारी भारी काळी जमीन त्यास मानवत नाहीं. तरी आमचा मुद्दा निराळाच आहे. ज्या वर्गांतील द्रव्यांसाठीं या पानांची एवढी कीर्ति झाली, त्याच विस्तृत वर्गांतील एक द्रव्य आपल्या नागपुरी संत्र्याच्या सालींत विपुल आहे, आणि ती साल आपण उकिरड्यावर टाकीत आलों आहों.

प्रथम ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाचा अर्थ पाहूं. चिरलेलें वांगें उघडें ठेविलें तर थोड्याच वेळांत काळें पडतें. जवसाचें तेल उघडें राहिलें तर खवट होतें. दोन्ही ठिकाणीं हवेंतील प्राणवायूचा हात असतो. वांग्याच्या फोडीस लिंबू चोळलें असतां ती बराच वेळ पांढरी राहते, कारण लिंबांतील क जीवनसत्त्व स्वतः खर्ची पडून ही काळिमा थोपवितें. शरीरांतही अन्नाचें ज्वलन होतांना प्राणवायूपासून कांहीं उपद्रवी कण उत्पन्न होतात व शरीर त्यांचा बंदोबस्त करीत असतें. अशी नासाडी रोखणाऱ्या द्रव्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात.

आतां साल हातांत घ्यावी. तिचे थर दोन. बाहेरच्या नारिंगी थरांत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. साल दिव्याच्या ज्योतीसमोर दुमडून दाबली असतां ज्या ठिणग्या उडतात, त्या या तेलाच्या होत. लिमोनीन हा त्या तेलाचा मुख्य भाग आहे. आंतला पांढरा, कापसासारखा थर मुलें सोलून फेंकतात. आमच्या विषयाचें मुख्य द्रव्य मात्र तेथेंच सांपडतें. लेब्रेतों या फ्रेंच रसायनज्ञानें १८२८ मध्यें संत्रावर्गीय फळाच्या या थरांतून तें प्रथम वेगळें केलें. त्याचें नांव हेस्पेरिडीन. तें थंड पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, पण चुन्याच्या निवळींत विरघळतें, आणि ती निवळी गाळून तींत आम्ल घातलें कीं सावकाश तळाशीं बसतें. कारखान्यांतही याच युक्तीनें तें सालीपासून काढितात. जपानांत डब्यांत भरलेल्या संत्र्याच्या फोडींचा पाक पांढरट गढूळ होई. तोही हेस्पेरिडीनचाच प्रताप होता.

या द्रव्यांचा बोलबाला पूर्वीं एकदां फार झाला होता. हंगेरीचे सेंट-ग्यॉर्गी, ज्यांना १९३७ चें नोबेल पारितोषिक मिळालें, त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९३६ मध्यें या वर्गांतील द्रव्यांस ‘प जीवनसत्त्व’ असें नांव दिलें. पुढें असें दिसून आलें कीं, तीं न मिळाल्यानें माणसास कोणताही विशिष्ट रोग होत नाहीं. तेव्हां तें नांव मागें पडलें. हा इतिहास आम्हीं मुद्दाम सांगितला. कांचेच्या नळींत जें द्रव्य प्राणवायूस अडवितें, तें पोटांत गेल्यावर तेंच काम करील असा नेम नाहीं. हेस्पेरिडीनला साखरेचे दोन कण जोडलेले असतात. मोठ्या आंतड्यांतील जंतु ते तोडतात, तेव्हां कोठें त्याचा थोडा अंश रक्तांत शिरतो. मूळव्याध व पायांच्या फुगलेल्या शिरा यांवर डायोस्मीन ४५० व हेस्पेरिडीन ५० मिलिग्रॅम अशा गोळ्या वैद्यकांत वापरतात, पण ती डॉक्टरची बाब होय. सालीचा काढा पिऊन मधुमेह किंवा कर्करोग बरा होतो असें कोणी सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

मग सालीची किंमत ती काय? फळाच्या वजनाचा सुमारें चौथा हिस्सा साल असते. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. आणेवारीचे कागद पुष्कळ पाहिले, पण सालीचा रकाना कोठें दिसला नाहीं. चीनच्या ग्वांगडुंग प्रांतांत शिनहुई येथील संत्र्याची वाळलेली साल तीन वर्षें किंवा अधिक मुरवून औषध व मसाला म्हणून विकतात, आणि जुनी साल नवीपेक्षां महाग जाते. आपल्याकडे २०१४ मध्यें नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकन मिळालें. सालीकडे मात्र अजून फारसें कोणी पाहत नाहीं.

हेस्पेरिडीनचें प्रमाण कोंवळ्या हिरव्या फळांत सर्वांत अधिक असतें व फळ मोठें होतांना तें कमी होत जातें. म्हणजे अंबिया बहाराचीं जीं बारीक फळें उन्हाळ्यांत गळून पडतात व आपण ज्यांकडे पाहून हळहळतों, तींच या दृष्टीनें कसदार. पण येथें एक मोठी अडचण आहे. बागेवर कीटकनाशकांची व बुरशीनाशकांची फवारणी होते आणि तिचा अंश सालीवरच अधिक राहतो. धुण्यानें वरचा कांहीं भाग जातो, आंत मुरलेला जात नाहीं. म्हणून खाण्याकरितां साल घेणें तर फवारणी न केलेल्या राखीव झाडांचीच घ्यावी. बाजारांतून आणलेल्या फळांची साल चहांत किंवा चटणींत घालूं नये.

साल वाळवितांना पातळ कापून वारा खेळता असेल अशा सावलींत पसरावी व ती कटकन मोडेपर्यंत वाळूं द्यावी. कडक उन्हांत तेल उडून जातें. क जीवनसत्त्व कोणत्याही रीतीनें वाळविलें तरी बरेंच घटतें, हेस्पेरिडीन टिकतें. मृगाचें फळ फेब्रुवारी-मार्चांत येतें, तेव्हां हवा कोरडी असल्यानें हें काम सोपें जातें. पावसाळ्यांत वाळविलेल्या सालीस बुरशी लवकर येते आणि बुरशीची साल गुरांसही घालूं नये. कोरडी साल घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावी.

विक्रीसाठीं साल जमविण्याचा विचार असेल, तर पदरचा पैसा घालण्यापूर्वीं नागपुरास अमरावती मार्गावर १९८५ पासून असलेल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंत चौकशी करावी व घेणारा कोण तें आधीं ठरवावें. आणि गळलेलीं सर्वच फळें या कामीं घेऊं नयेत. पावसाळ्याच्या अखेरीस पतंगानें टोंचलेलीं किंवा तपकिरी कुजीचीं जीं फळें पडतात, तीं त्याच दिवशीं वेंचून बागेबाहेर खड्ड्यांत पुरावीं. नाहींतर तीच कूज वरच्या चांगल्या फळांवर चढते.