कोणाचे पाप? : डॉ. मॅकक्युसिक यांचे आनुवंशिक विकारांवरील संशोधन

मोळिय सिवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना विचारले होते की, मनुष्य जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्माचेच फळ असते काय? संयुत्तनिकायातील या सुत्तात तथागतांनी ते मत अमान्य केले. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी आठ कारणे त्यांनी सांगितली. कर्मविपाक हे त्यांपैकी केवळ एक. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वकर्माचा सिद्धान्त तपासताना आनुवंशिकतेच्या विज्ञानाचा आधार घेतला. तरीही व्यंग असलेले मूल जन्मास आले की ‘कोणाचे पाप?’ हा प्रश्न आजही कानी येतो आणि बोट बहुधा आईकडेच वळते. म्हणूनच डॉ. व्हिक्टर मॅकक्युसिक यांच्या संशोधनाचा परिचय आम्हांला अगत्याचा वाटतो.

अमेरिकेतील मेन राज्यात, दुग्धव्यवसाय करणाऱ्या शेतकरी कुटुंबात १९२१ साली त्यांचा जन्म झाला. किशोरवयात जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात काढावे लागलेले दिवस त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे ते हृदयरोगतज्ज्ञ झाले. तेथे मार्फान विकाराच्या रुग्णांनी त्यांचे लक्ष वेधले. पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आंत्वान मार्फान यांनी १८९६ साली पाच वर्षांच्या एका मुलीच्या लांबसडक हातापायांचे व बोटांचे वर्णन केले होते; त्यांचेच नाव या विकाराला मिळाले. अशा रुग्णांचा पाठीचा कणा वाकतो, डोळ्यातील भिंग जागचे सरकते आणि हृदयातून निघणारी महाधमनी रुंदावत जाऊन एखाद्या दिवशी तिचा थर फाटतो. नेत्रतज्ज्ञाने डोळा पाहावा, अस्थितज्ज्ञाने कणा, अशी तोवरची रीत. मॅकक्युसिक यांनी संपूर्ण घराणी तपासली आणि १९५६ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले की, ही सारी लक्षणे संयोजी ऊतीतील एकाच घटकाच्या दोषातून उद्भवतात. बाजेचा सुंभच कच्चा निघाला, तर जेथे भार पडेल तेथे ती खचते; तसेच हे. पुढे १९९१ साली फायब्रिलिन या प्रथिनाच्या, पंधराव्या गुणसूत्रावरील जनुकात तो दोष प्रत्यक्ष सापडला.

हा दोष मातेकडून येतो तसाच पित्याकडूनही येतो. दोघांपैकी एकास विकार असल्यास प्रत्येक अपत्यास, मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत तर तो दोघांकडूनही येत नाही. उत्परिवर्तनाने नव्यानेच उद्भवतो. मग पाप कोणाचे?

पेनसिल्व्हेनियातील आमिश समाजात मॅकक्युसिक यांना आखूड हातपाय व सहा बोटे असलेली मुले आढळली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या मुलांची वंशावळ १७४४ मध्ये तेथे आलेल्या एका दांपत्यापर्यंत पोहोचली. हा विकार दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यावरच प्रकटतो. पालक स्वतः निरोगी असतात. आपल्याकडील मामा-आत्याच्या मुलामुलींच्या विवाहांतही हेच गणित लागू पडते, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

निदानाने काय साधते? मार्फान रुग्णांच्या मृत्यूसमयीचे सरासरी वय १९७२ च्या एका अभ्यासात, ज्यात स्वतः मॅकक्युसिक सहभागी होते, केवळ ३२ वर्षे आढळले होते. आज औषधे, महाधमनीची नियमित तपासणी व वेळेवर शस्त्रक्रिया यांमुळे अनेक रुग्ण सत्तरीपर्यंत जगतात. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन मात्र निदानाविनाच गेली. १९८४ च्या ऑलिंपिकमधील रौप्यपदक विजेत्या संघातील ही उंच खेळाडू जानेवारी १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली. शवविच्छेदनात मार्फान विकार उघड झाला. त्यानंतर तिच्या भावाची तपासणी झाली. त्यालाही तो विकार निघाला आणि शस्त्रक्रिया करण्यात आली.

वसतिगृहांतून उंच मुलांची खेळासाठी हौसेने निवड होते. उंची हा काही रोग नव्हे. परंतु उंची मोजताना, दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंतचे अंतरही मोजावे. ते उंचीहून बरेच अधिक भरले आणि सोबत जाड भिंगाचा चश्मा वा वाकडा कणा असेल, तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. घरात कोणी तरुणपणी अकस्मात दगावले असल्यास तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.