भोंगा ऐकूं न येणाऱ्या पेशी

पुणें-बंगळूर रस्त्यानें कोल्हापुराकडे येतांना शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या लागतात. तेथें सुमारें १४०० अंश सेल्सियस तापलेला लोखंडाचा रस वाळूच्या सांच्यांत ओततात. एखादा थेंब उडून बुटांत शिरला कीं पायास चटका बसतो. पंचविशीच्या कामगाराची अशी लहानशी जखम बहुधा लवकर भरून येते. परंतु साठीला टेकलेल्या, मधुमेह जडलेल्या गृहस्थाची तीच जखम महिना महिना ओली राहते, चिघळते, आणि कधीं कधीं बोट कापण्यापर्यंत पाळी येते. हा भेद कां पडावा?

रक्तांतील साखर आंत घ्या, असा निरोप पेशींस देणारें द्रव्य म्हणजे इन्शुलिन. तें स्वादुपिंडांत तयार होतें. टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं तें हातीं आणलें. त्यास कारखान्याचा भोंगा समजा. पेशींच्या पृष्ठभागावर तो ऐकणारे कान असतात. त्यांस ग्राहक म्हणतात. मधुमेहाच्या एका प्रकारांत भोंगाच बंद पडतो. प्रौढ वयांत सामान्यतः आढळणाऱ्या प्रकारांत मात्र आरंभीं भोंगा नेहमींपेक्षां मोठ्यानें वाजत असतो. ऐकणारेच बहिरे होतात, आणि स्वादुपिंड वाजवून वाजवून थकतें.

हें बहिरेपण स्नायु, यकृत व चरबी यांच्यापुरतेंच असतें, असा पुष्कळांचा समज आहे. पण शरीराचे पहारेकरी ज्या पांढऱ्या पेशी, त्यांनाही हे कान असतात. त्यांतील टी-पेशींची रीत मोठी चमत्कारिक! स्वस्थ बसलेल्या टी-पेशीवर इन्शुलिनचे ग्राहक फारच थोडे. रोगजंतूशीं गांठ पडून ती खवळली म्हणजे ते भराभर उगवतात. एकीच्या अनेक व्हावयाचें, तर पोषण पुष्कळ हवें, आणि त्या कामीं हा निरोप साहाय्य करतो. उंदरांच्या टी-पेशींतून हे ग्राहक नाहींसे केले असतां त्यांची वाढ व झुंज दोन्हीं मंदावलीं. कान लागतात ते नेमके लढाईच्या वेळीं.

आतां वयाचें पाहूं. छातींतील थायमस नांवाची ग्रंथि वयाबरोबर झिजत जाते, म्हणून नव्या टी-पेशी कमी निपजतात. शरीरांत एक मंद दाह धुमसत राहतो. या दाहांतील टीएनएफ नांवाचें द्रव्य इन्शुलिनचा निरोप पेशीच्या दारांतच अडवितें. आणि तें सोडणाऱ्यांत पांढऱ्या पेशीच प्रमुख असतात. पहारेकरीच आरडाओरड करून एकमेकांस बहिरे करतात म्हणाना! त्यांत मधुमेहाची भर पडली कीं साखरेनें भरलेल्या रक्तांत जंतु गिळणाऱ्या पेशी जखमेकडे उशिरां पोहोंचतात व गिळतातही कमी. वयाचा दोष किती व मधुमेहाचा किती, हें एका रोग्याच्या जखमेंत निवडून काढणें अवघड.

२०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत महाराष्ट्रानें याचा भयंकर प्रत्यय घेतला. म्यूकरमायकोसिस उत्पन्न करणारी बुरशी माती-पाचोळ्यांत नेहमींच असते. निरोगी माणसाच्या पांढऱ्या पेशी तिला थारा देत नाहींत. त्या वर्षीं तिच्या तावडींत सांपडलेल्यांत मधुमेह्यांचा भरणा मोठा होता. करोनावर दिलेलीं स्टेरॉइड औषधें इन्शुलिनविषयींचा बहिरेपणा वाढवितात आणि पांढऱ्या पेशींसही दडपतात. अनेकांचा डोळा गेला, कित्येकांचा जबडा.

सडपातळ माणसानेंही निर्धास्त राहूं नये. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासांत तेथील नवजात बालकें सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनचीं ३.५ किलो भरलीं. तरी आमच्या बालकांच्या अंगीं चरबी त्या मानानें कमी नव्हती.

मधुमेहानें पायाच्या नसाही बधिर होतात. मोजा काढतांना रक्त दिसावें तेव्हांच कित्येकांस चटका बसल्याचें कळतें. मात्र जंतु गिळणाऱ्या या पेशी अल्पायुषी असतात, आणि हाडांतील मगज रोज नवी पाळी कामावर धाडतो. साखर आटोक्यांत आली म्हणजे या पेशींचें काम सुधारल्याचें आढळलें आहे. श्रमणारा स्नायु तर भोंग्याची वाट न पाहतांही साखर ओढून घेतो. झिजलेला थायमस मात्र पूर्ववत् होत नाहीं. साठीच्या माणसास बहुतेक जुन्याच टी-पेशींवर भागवावें लागतें.